विहीणबाईंचा लॅपटॉप

बुधवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बालाजीरावांनी दुसऱ्याच्या लॅपटॉपला 'होय' म्हटलं आणि पुढच्या तीन दिवसांची झोप उडवून घेतली.

लॅपटॉप विहीणबाईंचा होता. रंजनी देवस्थळी, राहणार पुणे, व्यवसाय आर्किटेक्ट. त्यांचा अक्षत आणि बालाजीरावांची नित्या बंगळुरूला एकाच कंपनीत होते आणि दोघांनी आपापलं जमवून टाकलं होतं. लग्न कुठं, कधी आणि कुणाच्या पद्धतीनं, एवढंच वडीलधाऱ्यांच्या वाट्याला उरलं होतं. ते समोरासमोर बसून ठरवावं म्हणून रंजनीताई चार दिवस तमिळ मुलखात, अड्यारला, व्याह्यांच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला आल्या होत्या. शिवाय शनिवारी जवळच्याच, समुद्रकाठच्या कोवलमला त्यांचं एक काम होतं. तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला जाळी दुरुस्त करायला आणि मासळी विकायला मोठी शेड बांधायची होती. तीन आर्किटेक्टांना आराखडे घेऊन बोलावलं होतं, त्यांतल्या रंजनीताई एक.

आता विहीण म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. तंजावरची मराठी मंडळी तीनशे-साडेतीनशे वर्षं कावेरीकाठी राहिली. भाषेत तमिळ मिसळलं, जेवणात चिंच मिसळली, पण विहीण या शब्दाचा धाक त्यांनी पिढ्यान् पिढ्या जसाच्या तसा जपून ठेवला. बालाजीराव आणि कनकाबाई ही त्याच मंडळींपैकी. मंगळवारी संध्याकाळी रंजनीताई दारात उभ्या राहिल्या तेव्हा बालाजीरावांनी हात जोडून म्हटलं होतं, "आपण यावें, बसावें. मज फार संतोष झाला."

रंजनीताई मनापासून हसल्या. म्हणाल्या, "किती गोड बोलता हो! अगदी बखर ऐकतेय असं वाटतं."

त्यांनी कौतुकच केलं होतं, यात शंका नाही. पण बासष्ट वर्षांच्या, चालत्याबोलत्या, रोज तीन किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला बखर म्हटलं की ते कौतुक जरा वाकडं बसतं. बालाजीराव सिमेंट कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं. शेवटची सहा वर्षं विभागप्रमुख. आपण बखर नसून बऱ्यापैकी अलीकडचं प्रकाशन आहोत, हे दाखवायची संधी ते त्या रात्रीपासूनच शोधत होते.

संधी बुधवारी चालून आली. कनकाबाई विहीणबाईंना घेऊन बेझंट नगरच्या देवळात निघाल्या. जाता जाता रंजनीताई म्हणाल्या, "माझ्या लॅपटॉपला एवढा चार्जर लावाल का? आणि वायफाय जोडून ठेवाल? मेल उतरतील तोवर." आणि त्यांनी विश्वासानं पासवर्डही सांगितला.

बालाजीरावांनी चार्जर लावला. घरचं वायफाय मंद वाटलं म्हणून समोरच्या प्रतापसिंहांचंही जोडून ठेवलं. त्या मजल्यावर वायफायचे पासवर्ड कढीपत्त्यासारखे इकडून तिकडे जात असत. इथवर सगळं ठीक होतं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक नम्र चौकोन उगवला: 'आपल्या ग्राफिक्ससाठी नवा ड्रायव्हर आला आहे. बसवायचा?'

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर नळ ठिबकताना दिसला तर आपण तो बंद करतो. विचारत बसत नाही. त्याच सद्‌भावनेनं बालाजीरावांनी 'होय' दाबलं.

लॅपटॉपनं पाच मिनिटं काहीतरी उतरवलं, बसवलं, आणि आता एकदा बंद होऊन चालू होतो म्हणाला. बंद झाला. चालू झाला. कंपनीचं चिन्ह आलं, खाली ठिपक्यांचं चक्र फिरलं, पडदा दोनदा लवलवला आणि एकदम निळाशार झाला. त्यावर एक रडवेला चेहरा, आणि 'अडचण आली आहे, आम्ही माहिती गोळा करत आहोत' असा मजकूर. मग पुन्हा बंद. पुन्हा चिन्ह, पुन्हा चक्र, पुन्हा लवलव, पुन्हा तो रडवेला चेहरा. बालाजीराव खुर्चीत बसून हे सात वेळा पाहत राहिले. आठव्या वेळी काही वेगळं होईल अशी त्यांना आशा होती. सरकारी कचेरीत आणि कॉम्प्युटरसमोर माणूस सारखाच भोळा होतो.

दोघी देवळातून परतल्या तेव्हा बालाजीरावांच्या कपाळावर घाम होता आणि लॅपटॉपचं झाकण मिटलेलं होतं.

"उतरल्या का हो मेल?"

"यंत्र थोडें रुसलें आहे," बालाजीराव म्हणाले. "चिंता नोको. मी पाहतों. एकतीस वर्षें हेंच केलें."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त एक वाक्य कमी होतं, आणि ते वाक्य पुढचे दोन दिवस त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. म्हणजे मासा खाणाऱ्यांच्या घशात अडकतो तसं. बालाजीरावांनी आयुष्यात मासा खाल्लेला नव्हता.

रंजनीताईंनी झाकण उघडून स्वतः दोनदा करून पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "शेडचं सगळं यातच आहे."

चार भिंतींतली गोष्ट पाचव्या भिंतीला कळायला अड्यारमध्ये अर्धा तास पुरतो. प्रतापसिंह आले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, इमारतीचे सेक्रेटरी, आणि तंजावरच्याच मंडळींपैकी. त्यांच्या मते जगातल्या सर्व बिघाडांचं मूळ एकच होतं. "अर्थिंग," ते म्हणाले, आणि खिशातून टेस्टर काढून त्यांनी हॉलमधले चारही प्लग तपासले. चारही व्यवस्थित निघाले. तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "मग पुण्याचें अर्थिंग बरें नसेल. तेथूनच घेऊन आलें असेल."

दुसऱ्या मजल्यावरच्या महालक्ष्मी मामी लिंबू घेऊन आल्या. बालाजीरावांनी त्यांना तमिळमधून समजावलं, की या लॅपटॉपमध्ये चित्रं दाखवणारी दोन कार्डं असतात. एक छोटं, प्रोसेसरच्या पोटातच असलेलं, रोजच्या किरकोळ कामाचं. दुसरं मोठं, वेगळं बसवलेलं, जड कामाचं. दोघं आपसांत काम वाटून घेतात. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एका घरात दोन? मग भांडणारच. एकाला माहेरी पाठवा." आणि लिंबू लॅपटॉपवर ठेवून गेल्या. कनकाबाईंनी त्याचं सरबत केलं.

संध्याकाळपर्यंत बालाजीरावांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून जगभरातल्या पीडितांचे अनुभव वाचले. हाच बिघाड एका सद्‌गृहस्थाला झाला होता. त्यानं पाच परिच्छेद भरून आपली व्यथा मांडली होती, ओळ न् ओळ ओळखीची, आणि शेवटी लिहिलं होतं, 'सुटला प्रश्न. धन्यवाद.' कसा सुटला, ते लिहिलं नव्हतं. बालाजीरावांनी त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात तमिळमधून दोन शब्द सुनावले. त्या कामाला त्यांची मराठी थोडी सौम्य पडायची.

तरी एक वाट सापडली. लॅपटॉप 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे सगळे लाड बंद करून, नुसता भाकरी-मिठावर चालू करायचा; मग बिघडलेले ड्रायव्हर काढून टाकायचे. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला हुकूम समजावून सांगणारा दुभाष्या. तो चुकीचा बसला की कार्ड भलतंच ऐकतं आणि यंत्र कोसळतं. बालाजीरावांनी सेफ मोडच्या दारापर्यंत मजल मारली. तिथं लॅपटॉप म्हणाला, 'या यंत्रातील माहिती कुलूपबंद आहे. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली भरा.'

रंजनीताईंनी पुण्याला अरुणला फोन लावला. अरुण त्यांच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सांभाळायचा, पंधरा वर्षं.

"किल्ली आहे मॅडम," अरुण म्हणाला. "पण त्यासाठी तक्रारीचं तिकीट काढावं लागतं."

"काढ मग."

"मी नाही काढू शकत. ज्याचा लॅपटॉप त्यानं काढायचं."

"बरं, मी काढते. कुठून?"

"तुमच्या लॅपटॉपवरून."

रंजनीताईंनी फोन कानापासून दूर धरून एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"अरुण, लॅपटॉप चालू होत नाहीये म्हणून तर तिकीट काढायचंय."

"समजतंय मॅडम. पण फॉर्म दुसऱ्या यंत्रावर उघडतच नाही. तुम्ही तिथल्या सर्व्हिस सेंटरला दाखवून बघा ना."

म्हणून गुरुवारी सकाळी बालाजीराव लॅपटॉप छातीशी धरून मेट्रोनं अण्णा नगरला गेले. सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन मिळालं सत्तेचाळीस. पाटीवर आकडा होता नऊ. दीड तासानं काउंटरवरच्या मुलीनं लॅपटॉप न उघडताच विचारलं, "सर, बंद करून परत चालू करून पाहिलात का?"

कॉम्प्युटर विभागाच्या माजी प्रमुखाला हा प्रश्न! त्यांच्या हाताखाली चौदा माणसं होती आणि हाच प्रश्न ते स्वतः एकतीस वर्षं इतरांना विचारत आले होते. "पाहिलें," ते म्हणाले. गडबडीत मराठीतूनच म्हणाले, आणि मग तमिळमध्ये दुरुस्त केलं.

पुढचा तपशील थोडक्यात सांगायचा तर: बिल पुण्याच्या फर्मच्या नावावर. म्हणून फर्मच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, बालाजीरावांना अधिकार दिल्याचं पत्र. पत्र आणलं तरी सात कामाचे दिवस. आणि सात दिवसांनी लॅपटॉप नवाकोरा मिळेल. आतली माहिती पुसलेली असेल. "सर, यावर सही करा, की माहिती गेली तर आमची हरकत नाही."

"पण आमची आहे की!" बालाजीराव म्हणाले आणि लॅपटॉप पुन्हा छातीशी धरून निघाले.

परतीच्या मेट्रोत त्यांना बसायला जागा मिळाली. खिडकीतून शहर मागे जात होतं आणि मांडीवर विहीणबाईंचा शनिवार होता. घरी जाऊन सरळ सांगून टाकावं, असं त्यांनी तीन स्टेशनं ठरवलं. चौथ्या स्टेशनला त्यांना नित्याचा चेहरा आठवला. 'अप्पा, त्यांना काहीही दाखवायला जाऊ नका, फक्त आरामात राहा,' असं तिनं आदल्या आठवड्यात बजावलं होतं. त्यांनी काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी रंजनीताईंनीच सूत्रं हाती घेतली. फोन स्पीकरवर ठेवला.

"अरुण, हा तिकिटाचा नियम केला कुणी?"

"मॅडम," अरुण अवघडून म्हणाला, "दोन वर्षांपूर्वीच्या त्या परिपत्रकावर तुमचीच सही आहे."

"मग अपवाद करायचा अधिकार कुणाला?"

"तुम्हालाच. पण लेखी अर्ज लागतो."

रंजनीताईंनी बालाजीरावांकडून फूलस्केप मागून घेतला आणि डायनिंग टेबलावर बसून स्वतःच स्वतःला अर्ज लिहिला. 'महोदया, कृपया माझा लॅपटॉप...' वगैरे. खाली सही केली. मग तोच कागद फिरवून कोपऱ्यात लिहिलं, 'अर्जदाराचे म्हणणे रास्त दिसते. मंजूर,' आणि पुन्हा सही केली. कनकाबाईंनी फोटो काढून पाठवला. अरुणचं समाधान झालं.

"आता फक्त चार प्रश्न, मॅडम. विचारावेच लागतात. यंत्र पाण्यात पडलं?"

"नाही."

"उंचावरून पडलं?"

"नाही."

"बिघाड होण्याआधी कुणी काही नवीन बसवलं?"

"नाही रे. पुढचा प्रश्न विचार."

"होय," बालाजीराव म्हणाले.

बालाजीराव उठून उभे राहिले. का राहिले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शाळेत गुन्हा कबूल करताना उभं राहायची सवय होती, तीच असावी.

"बुधवारी, पावणेबारास, मी बसविला. ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर. त्यानें विचारलें, मी होय म्हटलें. मज कोणी सांगितलें नव्हतें."

"अय्यो!" कनकाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"म्हणजे दोन दिवस तुम्हाला ठाऊक होतं?" रंजनीताईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"ठावें होतें."

रंजनीताई उठून बाल्कनीत गेल्या. पाच मिनिटं त्या खालच्या रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. फोनवर अरुण "हॅलो, मॅडम? चौथा प्रश्न राहिलाय," म्हणत होता. बालाजीरावांना त्या पाच मिनिटांत नित्याचं लग्न मोडलेलं, ती घरी येऊन बसलेली, प्रतापसिंह सगळ्या इमारतीला कारण सांगत असलेले, असं बरंच काही दिसून गेलं.

रंजनीताई आत आल्या आणि समोर बसल्या.

"मलाही एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "शेडच्या फाइलची दुसरी प्रत कुठंच नाही. ऑफिसात मी प्रत्येकाच्या टेबलावर चिठ्ठी लावलीय, 'दोन ठिकाणी जतन करा' म्हणून. मी दोन ठिकाणी केलंय. दोन्ही ठिकाणं याच लॅपटॉपवर आहेत." मग फोनकडे वळून, "अरुण, तू हे ऐकलं नाहीस."

"नाही मॅडम," अरुण म्हणाला. "पण मग सगळं सरळच झालं की! बुधवारीच सांगितलं असतं तर तेव्हाच बोललो असतो. छोट्या कार्डाचा नवा ड्रायव्हर आणि मोठ्या कार्डाचा जुना, दोघांचं पटत नाहीये. दोन्ही काढा. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचेच घ्या. आधी छोट्याचा बसवा, मग मोठ्याचा. क्रम चुकवू नका. आता किल्ली घ्या. लिहून पाठवायला परवानगी नाही, बोलूनच सांगतो. त्रेचाळीस, एकोणऐंशी, सदुसष्ट..."

इथं तंजावर आणि पुणे यांच्यामधलं खरं अंतर उघडं पडलं. बालाजीरावांची मराठी घरची होती, पण पाढे तमिळ शाळेतले. पन्नासच्या पुढचे मराठी आकडे त्यांना लांबच्या नातेवाइकांसारखे होते. पाहिलेले असायचे, नाव पटकन आठवायचं नाही. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, हे त्यांना कळायचं. पण ती वजाबाकी होईपर्यंत अरुण चार आकडे पुढे गेलेला असायचा.

पहिल्या वेळी किल्ली चुकली. दुसऱ्या वेळी इंग्रजीतून सांगून पाहिलं, तर 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांनी घोटाळा केला. शेवटी रंजनीताईंनी अरुणकडून एकेक अंक मराठीत घ्यायचा, मोठ्यानं म्हणायचा, बालाजीरावांनी तो तमिळमध्ये म्हणत दाबायचा, असं ठरलं.

"सात."

"एळु."

"चार."

"नालु."

"नऊ."

"ओंबदु."

कनकाबाई पदर सावरून बाहेर आल्या आणि शेंगा सोलत ऐकत बसल्या. मधेच त्यांनी "मागला आठ नव्हे, सहा होता," अशी एक चूकही पकडली. तिसाव्या अंकापासून रंजनीताई स्वतःच "आरु" आणि "मूणु" म्हणायला लागल्या. अठ्ठेचाळिसाव्या अंकाला दार उघडलं.

बालाजीरावांनी दोन्ही ड्रायव्हर मुळासकट काढले. लॅपटॉप चालू केला. चिन्ह आलं, चक्र फिरलं... आणि रंजनीताईंचा नेहमीचा पडदा उघडला! अक्षरं विटेएवढी होती, रंग फिके होते, पण होता तो. रंजनीताईंनी टाळी वाजवली. पहिलं काम म्हणून त्यांनी शेडची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून पर्समध्ये टाकली. कनकाबाई कॉफी टाकायला उठल्या. बालाजीरावांनी पाठ टेकली.

ते पाठ टेकून बसले असताना लॅपटॉपनं आपल्या मनानंच वायफाय गाठलं, 'तुमच्याकडे ड्रायव्हर दिसत नाही, मीच आणतो' असं ठरवलं आणि तोच नवा दुभाष्या उतरवून बसवला. कॉफी येईपर्यंत पडद्यावर रडवेला चेहरा हजर होता.

या वेळी मात्र कुणी घाबरलं नाही. किल्ली आता कनकाबाईंनी डबलरुलच्या वहीत लिहून ठेवली होती. परवानगीचा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. पुन्हा सेफ मोड, पुन्हा सफाई. वायफाय लॅपटॉपमध्ये बंद केलं, पण त्याच्या शब्दावर बालाजीरावांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी घरचा राऊटर भिंतीतून उपटला आणि समोरच्या दारी गेले.

"प्रतापसिंहराव, तुमचें वायफाय अर्धा तास बंद करावें."

प्रतापसिंह आत ऑनलाइन भजनवर्गात झांजा घेऊन बसले होते. पडद्यावर देशोदेशीची अठ्ठावीस माणसं गात होती. "कां?"

"विहीणबाईंसाठी."

त्या शब्दापुढे इलाज नव्हता. प्रतापसिंहांनी भजन अर्ध्यावर सोडून राऊटर बंद केला आणि झांजा घेऊनच पाहायला आले. अरुणनं सांगितलेले ड्रायव्हर बालाजीरावांनी जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होतेच. आधी छोटं कार्ड. बंद, चालू, ठीक. मग मोठं. पडदा एक क्षण काळा झाला. त्या एका क्षणात चारही माणसं जागच्या जागी थिजली. मग रंग परत आले, अक्षरं आपल्या मापाची झाली. रंजनीताईंनी फाइल उघडली आणि कोवलमची शेड पडद्यावर उभी राहून संथपणे, बिनतक्रार फिरू लागली. मागे समुद्र, वर आभाळ.

प्रतापसिंहांनी झांज एकदा वाजवली. म्हणाले, "मी म्हटलें नव्हतें? तारेचाच दोष. वायफाय म्हणजे बिनतारेची तारच की."

शनिवारी रंजनीताई म्हणाल्या, "तुम्हीही चला. काही झालंच तर..." आणि बालाजीराव इस्त्रीचा शर्ट घालून टॅक्सीत बसले.

कोवलमला संस्थेच्या ऑफिसात वीज नव्हती, त्यामुळे भिंतीवर चित्र दाखवायचं यंत्र निरुपयोगी झालं होतं. आधीचे दोघे आर्किटेक्ट छापील कागद वाटून गेले होते. रंजनीताईंनी लॅपटॉप बाहेर, पालथ्या ठेवलेल्या नावेवर मांडला. पंधरा इंचांच्या पडद्याभोवती चाळीस माणसं जमली. रंजनीताई इंग्रजीत बोलू लागल्या आणि दोन वाक्यांत लक्षात आलं की ते कुणाच्याही उपयोगाचं नाही. त्यांनी बालाजीरावांकडे पाहिलं.

बालाजीराव पुढे झाले. तमिळमध्ये शिरल्याबरोबर त्यांच्या बोलण्यातली बखर कुठल्या कुठे गेली. ते भरभर बोलू लागले, हातवारे करू लागले. छप्पर दाखवताना त्यांनी काहीतरी असं म्हटलं की माणसं खो खो हसली. रंजनीताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. हा माणूस इतका बोलका आहे, हे चार दिवसांत त्यांना कळलंच नव्हतं.

एक म्हातारी मासळीवाली गर्दीतून पुढे आली. तिनं पडद्यावर बोट टेकवून विचारलं, "सकाळी नऊला ऊन कुठून येतं? मी इथं बसले तर मासळी आधी वाळेल आणि मागनं मी."

बालाजीरावांनी ते सांगितलं. रंजनीताईंनी पडद्यावर नऊ वाजवले. सूर्य समुद्रावर सरकला आणि खरोखरच विक्रीच्या सगळ्या ओट्यांवर ऊन पसरलं. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या, आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, छपराची एक बाजू पुढे ओढायला घेतली. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. मोठं कार्ड आता पूर्ण कामाला लागलं होतं. बालाजीरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ओट्यांवर सावली होती आणि म्हातारी त्या सावलीत बोटानं आपली जागा राखून ठेवत होती. "ही माझी. लिहून घ्या."

संस्थेच्या अध्यक्षांनी निर्णय नंतर कळवू म्हणून सांगितलं. तशी पद्धतच असते. पण बदललेला आराखडा पुढच्या महिन्यात घेऊन या, असं त्यांनी एकट्या रंजनीताईंना सांगितलं, आणि वर म्हणाले, "यांनाही आणा."

परतीच्या वाटेवर टॅक्सीत दोघंही खुशीत होते. समुद्र उजव्या हाताला चालला होता. तेवढ्यात बालाजीरावांचा फोन वाजला. नित्या होती. रंजनीताईंना ती तिकडच्या रीतीनं आत्या म्हणायची.

"अप्पा, झालं का सगळं? आज संध्याकाळी आत्या निघणार ना? काय ठरलं?"

"कशाचें?"

"कशाचं म्हणजे? लग्नाचं!"

बालाजीरावांनी रंजनीताईंकडे पाहिलं. रंजनीताईंनी बालाजीरावांकडे पाहिलं. बुधवारपासून त्या घरात अर्थिंगवर चर्चा झाली होती, दोन कार्डांवर झाली होती, अठ्ठेचाळीस आकड्यांवर तर भरपूर झाली होती. लग्न हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता.

"ठरते आहे," बालाजीराव फोनमध्ये म्हणाले. "अर्ध्या घंट्यानें सांगतों."

फोन बंद झाल्यावर रंजनीताईंनी घसा साफ केला. "तर मग... कुठं करायचं म्हणताय?"

"आपण म्हणाल तेथे."

"नाही हो, तुमची एकुलती मुलगी. इथंच करू. माझी माणसं येतील विमानानं. पण अंतरपाट आणि मंगलाष्टकं हवीत."

"आमच्यातही आहेत. पण झोपाळ्याचा विधीही होतो, वधूवरांस बसवून झुलवितात. तो इकडचा. कनकास तो हवा आहे."

"झोपाळा? उत्तमच की. जेवण?"

"केळीच्या पानावर."

"मान्य. आणि देणंघेणं काही नाही. साखरपुडा वेगळा करायचा का?"

"नोको. दगदग फार."

"नोको," रंजनीताईही म्हणाल्या.

टोल नाक्याला बसलेली बोलणी तिरुवान्मियूर यायच्या आत उठली. नित्याला फोन झाला. तिनं दोनदा विचारलं, "भांडण नाही झालं? नक्की?"

घरी कनकाबाई दारातच उभ्या होत्या. हातात वहीचा कागद, डोळ्यांवर चष्मा. संध्याकाळी विहीणबाई निघणार, तेव्हा आता तरी विषय काढलाच पाहिजे, म्हणून त्यांनी सकाळभर बसून सव्वीस कलमांची यादी केली होती. "एक," त्यांनी सुरुवात केली, "लग्न कोठे—"

"ठरलें," बालाजीराव चपला काढत म्हणाले.

"दोन, मंगलाष्टकें—"

"ठरलें."

"झोपाळा?"

"ठरला."

कनकाबाई एकेक कलम खोडत खाली आल्या. पंचविसाव्यापर्यंत सगळं ठरलेलं निघालं. शेवटच्या कलमाशी त्या थबकल्या आणि जरा दबकत म्हणाल्या, "विहिणीचा मान. हें आपणांसच पुसावें लागेल. आपणांस काय हवें? साडी, चांदीचें—"

"काही नको हो," रंजनीताई म्हणाल्या. मग त्यांनी विचार केला. "बरं, मान म्हणून एकच मागते. लग्नाच्या दिवशी व्याह्यांच्या हातात कुणी लॅपटॉप देऊ नका."

बालाजीराव हसले. पण कनकाबाईंनी चष्मा नीट केला, पेन्सिलीला थुंकी लावली आणि सव्विसाव्या कलमापुढे ते जसंच्या तसं लिहून घेतलं.